घेर सांभाळा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील समस्त उभ्या झाडांना कळविण्यात येते की, टेप, रंगाचा डबा आणि रजिस्टर घेतलेली माणसे हल्ली जंगलाच्या कोणत्याही कक्षात कधीही येऊ शकतात. घाबरू नये. ती तोडायला आलेली नसतात, मोजायला आलेली असतात. तोडणारे नंतर येतात, आणि येताना यादी घेऊन येतात.

मोजणीच्या वेळी ताठ उभे राहावे. टेप जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर गुंडाळतात. त्याच्या वर तुम्ही काय करता याच्याशी मोजणाऱ्याला कर्तव्य नाही. फांदीवरची घरटी, ढोलीतले घुबडाचे बिऱ्हाड, खाली सावलीला बसलेली गुरे यांना रजिस्टरात रकाना नाही. रकाने तीनच महत्त्वाचे: क्रमांक, जात, घेर. बुंध्याची साल तासून त्यावर रंगाने क्रमांक पडला की सरकारदरबारी तुमचे नाव लागले म्हणून समजा. आजा-पणजाच्या काळापासून नुसते उभे राहिल्याने जी ओळख मिळाली नाही, ती जाण्याच्या बेताला मिळते.

जात कोणती घ्यावी, हा विचार खरे तर बी असतानाच करायला हवा होता. साग असाल तर मान आहे. बल्लारपूरच्या डेपोतून मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघाले, तेव्हा काष्ठपूजन झाले, शोभायात्रा निघाली, पुढाऱ्यांनी हात जोडले. उभ्या झाडाला असे भाग्य लाभल्याचे ऐकिवात नाही. साग नसाल, तर मोह असा, ऐन असा, बेहडा असा की धावडा, तुमची वर्गवारी एकच: आडजात. मोहाने यावर उगाच वाद घालू नये. एप्रिलमध्ये पहाटे टोपल्या घेऊन बाया तुझ्याखाली येतात, फुले वाळवून घरात भरतात, बियांचे तेल काढतात, हे सगळे खरे आहे बाप्पा. पण डेपोत तुझे जळाऊ बिटच होणार. बांबूने तर रांगेतच उभे राहू नये. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून तो वगळला गेला आहे. निदान जंगलाबाहेर, शेताच्या धुऱ्यावर, तो आता निर्धास्तपणे गवत आहे.

वयाचा मुद्दा नाजूक आहे. शहरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले. ते तोडायचेच झाले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची. ऐंशी वर्षांच्या कडुनिंबाला ऐंशी रोपे! यापेक्षा आदर तो काय? मात्र कायदा शहरी आहे. म्हणजे चंद्रपूर महापालिकेच्या हद्दीत, पानटपरीच्या मागे, बुंध्यापर्यंत सिमेंट पिऊन उभा असलेला कडुनिंब वारसा आहे, आणि एटापल्लीच्या डोंगरातला त्याच वयाचा मोह हा एक क्रमांक आहे. तेव्हा जंगलातल्या वयस्कर मंडळींनी शक्य असल्यास शहरात स्थलांतर करावे. भाड्याची खोली मिळणे कठीण, पण दुभाजकावर जागा असते.

आता मोठ्या मोजणीकडे वळू. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड इथे लॉइड्स मेटल्सची लोहखाण आहे. २००७ साली तिला ३४८ हेक्टरवर पट्टा मिळाला. हलक्या प्रतीचे दगड दळून त्यातले लोखंड वेगळे करायचा कारखाना उभारण्यासाठी आणखी सुमारे ९३७ हेक्टर वनजमीन वळती करायला मे २०२५ मध्ये केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली. झाडे एक लाखाहून जास्त. तोड टप्प्याटप्प्याने करायची आहे. टप्पे पाडले की झाडाला तयारीला वेळ मिळतो.

इथे एक शंका कुणी विचारू नये, म्हणून मीच विचारून टाकतो. वनजमीन मागण्याच्या अर्जात पर्यायी जागा तपासल्या का, असा एक रकाना असतो. खाणीचे उत्तर सरळ आहे. लोखंड डोंगरात आहे, डोंगर हलत नाही. पण गिरणी? गहू जिथे पिकतो तिथेच चक्की लागते, असा काही निसर्गनियम नाही. गिरणी खाणीला लागून असली की दगडांचे ओझे वाहावे लागत नाही, हे मान्य. पण सुरजागडहून कोनसरीच्या पोलाद कारखान्यापर्यंत लोहचूर्णाचा गाळ वाहून नेणारी ८५ किलोमीटरची नळवाहिनी टाकता येते, तेव्हा यंत्राच्या हलण्याबिलण्याचे कौतुक झाडांनीच का करावे? दोहोंपैकी मुळे एकालाच आहेत, आणि हलायला त्यालाच सांगितले जाते. माडिया आदिवासींचा ठाकुरदेव त्याच पहाडावर बसतो, दर जानेवारीत सत्तरेक गावे तिथे यात्रेला जमतात. त्यालाही अजून नोटीस बजावलेली दिसत नाही.

विलायतेत उलटी खोड आहे. तिकडे ५८३७ क्रमांकाचे एक ब्रिटिश मानक आहे. त्यात बांधकामाचा आराखडा पक्का होण्याआधी जागेवरच्या झाडांची पाहणी करायची, त्यांची चांगली-वाईट प्रत लावायची, आणि राखायच्या झाडाभोवती खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ आखायचे. खोड दोन फुटांचे असेल तर चोवीस फूट चौफेर. तिथे खोदायचे नाही, सिमेंट कालवायचे नाही, ट्रक लावायचा नाही. आपल्याकडे २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर माती मोकळी ठेवा म्हटले, तर केवढी धावपळ झाली. वर्तुळ आपणही आखतो, पण खोडावर.

मोबदल्याची मात्र काळजी नसावी. जंगल वळते केले की नक्त वर्तमान मूल्य भरावे लागते. २०२२ च्या सुधारित दरांप्रमाणे जंगलाचा प्रकार आणि दाटी पाहून हेक्टरी साडेनऊ लाखांपासून सुमारे सोळा लाखांपर्यंत. पुण्यात एवढ्यात गाडी ठेवायची जागा येते. शिवाय पर्यायी वनीकरण असतेच. जागा मिळाली नाही की पूर्वी झुडपी जंगलाकडे बोट दाखवायचे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हेसुद्धा जंगलच, असा निर्णय दिल्यापासून ते बोट जरा अवघडले आहे. त्याच वर्षी जुलैत कोनसरीच्या कार्यक्रमात गडचिरोलीत एक कोटी झाडे लावण्याची घोषणा झाली. सुमारे सत्तर टक्के जंगल असलेल्या जिल्ह्यात कोटभर झाडे लावायची म्हणजे आधी थोडी जागा करावी लागणारच, यात कुणाचा दोष?

मोजणीच्या बाबतीत आपले शास्त्र एका बाजूला फार पुढे गेले आहे. तोडायचे झाड कक्ष, क्रमांक, जात, घेर यांसह सापडते. लावलेले झाड मात्र लाजाळू असते. २०१९ मध्ये राज्यभर ३३ कोटी झाडांची मोहीम झाली. नंतर ती झाडे कुठे आहेत, हे पाहायला विधिमंडळाच्या सदस्यांची समिती नेमावी लागली. लावणाऱ्यांनीही मोजणाऱ्यांकडून रंगाचा डबा उसना घेतला असता तर बरे झाले असते.

काही झाडे वाचतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तिथे निर्णय ग्रामसभेत होतो आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत बैठक उठत नाही. झाडांच्या दृष्टीने ही फारच सोयीची पद्धत. एवढी माणसे एकमताला येईपर्यंत एखादे झाड वारसा वयाचे होऊन जाईल. चंद्रपूरजवळच्या लोहाऱ्याची झाडे दुसऱ्या मार्गाने सुटली. २००९ मध्ये तिथल्या कोळसा खाणीविरुद्ध शहरात उपोषण झाले, ताडोबाचा वाघ साक्षीला उभा राहिला, आणि खाण मागे पडली. तेव्हा ज्यांना वाघ मिळेल त्यांनी तो मुक्कामाला ठेवून घ्यावा. न मिळाल्यास ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’त भरती होण्याचा प्रयत्न करावा. तेथील जुन्या सागाला २०१४ पासून जैवविविधता वारसा स्थळाचे संरक्षण आहे, पण क्षेत्र सहा हेक्टर. गर्दी करू नये.

शेवटची सूचना फक्त अर्जुनाला. तुझी साल पापुद्र्यांनी गळते, त्यामुळे क्रमांक खाली पडण्याची तक्रार येते. क्रमांक नसलेले झाड जागेवर आढळले तर पंचनामा, फेरमोजणी, नवा प्रस्ताव, पुन्हा नागपूर, पुन्हा दिल्ली. अशाने मंजुऱ्या रखडतात आणि विकासाला खीळ बसते. तरी मोजणी झाल्यावर साल गाळू नये. गाळायचीच असेल तर रीतसर परवानगी घ्यावी. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात मिळेल, कागद तुमच्याच नातेवाइकांचा आहे.