ताटाची कड कापायची का?

"वहिनी, कढीपत्ता आहे का हो चार काड्या?" म्हणत पलीकडच्या काकू भिंतीशी आल्या, की समजावं, कढीपत्ता नुसतं निमित्त. नाशिकच्या गंगापूर रोडवर बंगल्यांचे टॉवर झाले, पण आमच्या दोन घरांमधली कमरेएवढी भिंत अजून शाबूत आहे.

"आमच्या मन्याचं ऐकलंत? दिवाळीला मोठ्या गिऱ्हाइकांना सराफ बाजारातून चांदीची ताटं आणून दिली. आता सीए म्हणतो, ज्यांना दिलीत त्यांचे पॅन नंबर आणा!"

"अगं बाई! म्हणजे हळदीकुंकवाचं वाण द्यायचं नि आधार कार्ड मागायचं!"

"हसू नका. वर्षात एकाच गिऱ्हाइकाला वीस हजारांच्या वर काही गेलं, की दहा टक्के टीडीएस. 1 जुलै 2022 पासून आहे म्हणे. पैसे असते तर कापले असते, ताटाची काय कड कापायची? मग घेणाऱ्यानं तेवढा कर आधी भरावा, नाहीतर मन्यानं पदरचे भरावेत. स्वतःच्या नावावर धंदा आणि आदल्या वर्षीची उलाढाल कोटीच्या आत, असं असतं तर ही कटकटच नव्हती."

"म्हणजे मन्यानं अंबडच्या कारखान्यात दुसरं मशीन टाकून उलाढाल वाढवली तिथंच चुकलं!"

"तुम्ही पण ना!"

"पण भेटींचा खर्च धंद्यात धरतात ना?"

"धरतात की. निव्वळ धंद्यासाठी असला पाहिजे एवढंच." काकूंनी मान इकडेतिकडे वळवली आणि आवाज खाली आणला. "एकदा भाचीच्या लग्नातला मिक्सर घातला होता हो त्यात. सीएनं लाल पेनानं खोडला. शिवाय भेट दिलेल्या मालावरचा जीएसटी परत मिळत नाही. चांदीवरचे तीन टक्के गेले ते गेलेच."

आमचे हे जन्मभर हिशेबात, त्यामुळे मलाही थोडं ठाऊक. म्हटलं, "गिऱ्हाइकं कारखानदार आहेत म्हणून निभावलं. डॉक्टर असते तर दमडीची वजावट नव्हती. फेब्रुवारी 2022 मध्ये एपेक्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगूनच टाकलं. सोन्याची नाणी, फ्रिज, टीव्ही, लॅपटॉप असलं दिलं होतं डॉक्टरांना. जे घेणंच डॉक्टरांना मना, त्याची देणाऱ्याला सूट कसली?"

"बरोबरच आहे. तो खर्च शेवटी आपल्या गोळीच्या किमतीतच चढणार!" काकूंना एकदम कोर्ट पटलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "यंदा काय द्यावं मग? कुणी म्हणालं, आपल्याच रस्त्यानं पुढे सुला आहे, वाइन द्या. मी म्हटलं, लक्ष्मीपूजनाला बाटली?"

"चिवडा द्या, काकू. नाशिकचा चिवडा नाही कुणी म्हणत नाही, आणि एका गिऱ्हाइकाला वीस हजारांचा चिवडा काही संपत नाही. बिल मात्र पक्कं घ्यायला सांगा, आणि भाचीचा डबा वेगळ्या बिलावर."