आणीबाणीचा खर्च कोणत्या वहीत?

1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात कलम 64 आहे. अचानक अपघात झाला, आभाळ फाटले, पालिकेच्या मालमत्तेवर किंवा माणसांच्या जिवावर बेतले, तर आयुक्तांनी कुणाचीही वाट न पाहता लागेल ते करावे. केले की तत्काळ स्थायी समितीला आणि सभागृहाला कळवावे: काय केले, का केले, अंदाजपत्रकाबाहेर किती गेले. इंग्रज शहाणा होता. आग लागल्यावर निविदा काढत बसू नये हे त्याला कळत होते, आणि आग विझल्यावर बिले बघायला कुणीतरी लागते हेही.

18 जुलै 2021 च्या पहाटे भांडुप संकुलावर ही वेळ आली. रात्रभराच्या पावसाचे पाणी जलशुद्धीकरण केंद्रात शिरले, विजेची यंत्रणा बंद करावी लागली, पंप थांबले. दिवसाला 281 कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची क्षमता असलेले केंद्र पाण्यानेच बंद पाडले. चिखलात उतरून ज्यांनी ते पुन्हा चालू केले त्या अभियंत्या-कामगारांची थट्टा करायची माझी छाती नाही. थट्टेची जागा पुढे आहे, जमाखर्चात.

बुडालेली मोटर वाळवून पुन्हा बसवली की तो महसुली खर्च. भंगारात टाकून नवी घेतली की भांडवली, म्हणजे पालिकेच्या मालमत्तेत भर! जलखात्याचा अर्थसंकल्प ‘ग’ वेगळा असतो. त्यात एका रात्रीच्या पावसाने वाहून काय गेले हे शोधावे लागेल, वाढले काय ते ठळक दिसेल. शिवाय असल्या कामात मोजमाप पुस्तक कुठल्याही खात्यात चार दिवस मागूनच येते. भाड्याचा पंप किती तास चालला? डिझेलवरून काढा. डिझेल किती लागले? तासांवरून काढा. दोन्ही आकडे एकमेकांना साक्षीदार, आणि लेखापरीक्षकाला दोन साक्षीदार पुरतात.

भांडुप बंद पडले तेव्हा पालिकेने मुंबईकरांना पाणी उकळून प्यायला सांगितले. सल्ला रास्तच. त्या महिन्यात घरगुती सिलिंडर 834 रुपये 50 पैशांना होता. भांडुपच्या खिंडीपाड्यात किंवा हनुमान टेकडीवर मोठ्या पातेल्याला खळखळ यायला किती गॅस जातो, ते तिथल्या बाईला विचारा. ती वाटीच्या हिशेबाने सांगेल. ही रक्कम पालिकेच्या अर्थसंकल्पांपैकी ‘अ’मध्ये नाही, ‘ब’मध्ये नाही, ‘ई’मध्ये नाही, ‘ग’मध्येही नाही. शहरातल्या सर्वांत मोठ्या शुद्धीकरणाचे शेवटचे काम घराघरांतल्या शेगड्यांनी केले आणि कंत्राटदार म्हणून एकीचेही बिल आले नाही. दरसूचीत ‘पातेले, झाकणासह’ अशी बाब नसल्यामुळे असेल.

पुढे ठाण्यात कुणी कूपनलिका खणली. ती खोल जाता जाता भांडुपला पाणी आणणाऱ्या 15 किलोमीटरच्या जलबोगद्यात घुसली. दुरुस्तीसाठी 31 मार्च 2023 पासून तीस दिवस 15 टक्के पाणीकपात झाली. बोगद्याच्या दुरुस्तीचा आकडा निघतो, नोटीस निघते, वसुलीची भाषा होते. कपातीचे 15 टक्के मात्र सोसायटीच्या सेक्रेटरीच्या वहीत टँकर होऊन उतरतात. ज्याच्याकडे सोसायटीच नाही, तो भरउन्हात हंडा घेऊन रांगेत उभा राहतो आणि त्याचा खाडा मुकादमाच्या वहीत जातो.

आता कलमाकडे या. बोगद्याच्या वेळी तत्काळ कळवायचे होते कुणाला? नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 ला संपली होती. स्थायी समिती नव्हती, सभागृह नव्हते. आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे आयुक्तांनी घाईने केलेल्या खर्चाची कारणे प्रशासकांना लिहायची, प्रशासकांनी ती बारकाईने वाचून, दोनचार खोचक शंका काढून आयुक्तांकडून खुलासा मागवायचा आणि समाधान झाले की कार्योत्तर मंजुरी द्यायची. कायद्यातल्या ‘तत्काळ’चे इतके चोख पालन सव्वाशेहून अधिक वर्षांत झाले नसेल. प्रस्ताव खुर्चीवरून निघून त्याच खुर्चीवर पोचत असल्याने टपालखर्चही शून्य.