न दिसणाऱ्यांची नाइट

एच. जी. वेल्सच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या 1897 सालच्या कादंबरीत ग्रिफिन नावाचा शास्त्रज्ञ अदृश्य व्हायची विद्या शोधून काढतो आणि त्याच्या पदरात काय पडतं, तर सर्दी. शरीर दिसेनासं होतं, पण कपडे दिसत राहतात. म्हणून अंगावरची चिंधी न चिंधी उतरवून ऐन थंडीत लंडनच्या रस्त्यांवरून हिंडायचं. मग शिंका येणारच, आणि शिंक काही अदृश्य होत नाही. बर्फ पडला की अंगावर साठतो, चिखलात पाय उमटतात, कुत्र्यांना वास येतो. खाल्लेला घास तर पचेपर्यंत बाहेरून दिसतो, म्हणजे उपासही आला. जगाला धाक घालायला निघालेल्या माणसाची इतकी अडचण दुसऱ्या कुणा लेखकाने केली असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे 1987च्या ‘मिस्टर इंडिया’त हा प्रश्न एका फटक्यात सुटला. अनिल कपूरच्या मनगटावरचं यंत्र त्याला कपड्यांसकट गायब करतं. वेल्सला जे सुचलं नाही ते आपल्या लोकांना सुचलं, कारण आपल्याला सिनेमा सहकुटुंब बघायचा असतो. अट एकच, लाल प्रकाश टाळायचा. पण त्या सिनेमात अदृश्य माणसाचा अभिनय नक्की कोण करतो, हे एकदा नीट बघावं. नायक गायब झाला की त्याचं काम संपतं. तो तिथे आहे हे आपल्याला पटवून द्यायचं काम श्रीदेवीच्या नजरेवर पडतं, आणि त्याहून जास्त त्या बिचाऱ्या गुंडांवर. रिकाम्या हवेची थप्पड बसून मान नेमकी वळवायची, कुणीही न उचलता उचललं जायचं, आणि चेहऱ्यावर ‘हे काय होतंय’ हा भाव ठेवायचा. पुरस्कार मात्र अशांना देत नाहीत.

तरीही यंत्राने किंवा औषधाने गायब झालेले हे लोक माझ्या लेखी कच्चे. त्यांना कधी ना कधी दिसायचं असतं. खरी अस्सल पात्रं ती, जी एकदाही येत नाहीत आणि तरी घरच्यासारखी ओळखीची होतात. त्यांच्यात पहिला मान मी लेफ्टनंट कोलंबोच्या बायकोला देतो.

पीटर फॉकने केलेला हा चुरगळलेल्या रेनकोटातला पोलीस अमेरिकन टीव्हीवर 1968 पासून पुढे कितीतरी वर्षं बड्या बड्या खुन्यांच्या मागे लागला. खून कुणी केला हे आपल्याला सुरुवातीलाच कळलेलं असतं. मजा असते ती हा गबाळा माणूस त्या श्रीमंत खुन्याला कसा घोळात घेतो याची, आणि त्यासाठी त्याचं मुख्य हत्यार म्हणजे बायको. आमची ही तुमची मोठी चाहती आहे, ही गोष्ट घरी सांगितली तर तिचा विश्वास बसणार नाही, असं बोलत बोलत तो समोरच्याला गाफील करतो. ती बाई कधीच दिसत नाही. 1975च्या एका भागात दोघं मेक्सिकोला जाणाऱ्या जहाजावर सुट्टीला आलेले असतात. आता तरी दर्शन होईल म्हणावं, तर ती अख्ख्या बोटीवर कुठेतरी पुढे गेलेली असते आणि हा तिला शोधत असतो. 1990 साली एका भागाची सुरुवात तिच्या अंत्यविधीने होते. तोही बनाव निघतो. ही बाई मुळात आहे तरी का, असा संशय प्रेक्षकांना येत राहिला. मला तो कधी आला नाही. नवऱ्याला आपल्या नावावर वाट्टेल ते खपवू देणारी आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर न येणारी बाई खोटी असूच शकत नाही.

मग 1979 साली टीव्हीवाल्यांना अवदसा आठवली. त्यांनी ‘मिसेस कोलंबो’ नावाची वेगळी मालिका काढली. केट मलग्रू ही गुणी नटी घेतली. तेव्हा ती तेवीस वर्षांची, आणि फॉकने पन्नाशी ओलांडलेली. लोकांनी बघितलं आणि मान हलवली. ही नव्हे. काही भागांतच पात्राचं आडनाव बदलायची पाळी आली आणि पुढे ती मालिका बंदच झाली. मलग्रूचा यात काडीचा दोष नव्हता. ज्या बाईला लोकांनी मनात कधीचं पाहून ठेवलेलं, तिच्या जागी कुणीही आलं असतं तरी तोतयाच ठरलं असतं.

आपल्याकडे बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त हा शहाणपणा दाखवला गेला. ‘समय’ हे पात्र त्यांनी हरीश भिमाणींच्या आवाजावर आणि एका फिरत्या चक्रावर भागवलं. त्याला दाढी-मुकुट लावून सिंहासनावर बसवायचा मोह कुणाला झाला नाही, हे नशीबच.

मराठी प्रेक्षक तर या बाबतीत तयारीचा. पु. लं.नी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली, तेव्हा लोकांना रंगमंचावर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं दिसली. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त मराठवाड्यातलं अख्खं गाव विमानात बसवलं. एक माणूस आणि 52 पात्रं. गिनेस बुकालाही त्याची नोंद घ्यावी लागली. पण ते नुसते आवाज बदलत होते असं म्हणणं म्हणजे अर्धीच दाद. एक पात्र बोलत असताना दुसरं कुठे उभं आहे, किती उंचीचं आहे, याचा हिशेब त्यांची नजर ठेवायची. म्हाताऱ्याशी बोलताना ती खाली जायची आणि आपल्याला म्हातारा दिसायचा.

न दिसण्याचा फायदा मात्र एकानेच पुरेपूर उठवला आहे, तो म्हणजे प्राध्यापक दामले. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 साली रंगमंचावर आलं, तेव्हापासून हा विवाहित गृहस्थ प्रयोगाला एकदाही हजर राहिलेला नाही. बेणारेबाईंच्या पोटातलं मूल त्याचं. सुखात्मे, काशीकर, पोंक्षे वगैरे मंडळी खोटं खोटं कोर्ट भरवतात, साक्षी घेतात, दामल्याचं नाव पुन्हा पुन्हा निघतं. शिक्षा बाईंना होते. त्याला काहीच नाही. वेल्सच्या ग्रिफिनला निदान सर्दी तरी झाली होती.

निर्मात्यांना मात्र ही पात्रं फार आवडत असणार. न दिसणाऱ्या पात्राला नाइट द्यावी लागत नाही. दौऱ्याच्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा नको, मध्यंतरात बटाटावडा नको, आणि ऐन सांगलीच्या प्रयोगाला ‘मला मालिकेचं शूटिंग आहे’ असा त्याचा फोनही येत नाही. दिवाणखान्याच्या नाटकात चहा ज्या स्वयंपाकघरातून येतो ते आपण कुठे कधी पाहिलेलं असतं? चहाही कपात असतोच असं नाही. खर्च वाढत गेला तशी नाटकातली माणसं कमी झाली. दहा-बारांची सहा झाली, सहाची तीन, आता दोन. उरलेली आतल्या खोलीत झोपलेली असतात, अमेरिकेत असतात, नाहीतर फोनवर असतात. डिझेल आणखी महागलं की एकपात्री प्रयोगातलं ते एक पात्रही फोनवरच येईल. आपण तिकीट काढून जाऊ. मोबाइल बंद ठेवण्याची सूचना होईल, तेव्हा मात्र जरा पंचाईत आहे.