नवख्या कार्यकर्त्यासाठी वर्गणीचे धडे

गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तो १८९३ साली. तेव्हापासून लोक वर्गणी मागताहेत आणि लोक ‘यंदा जरा ओढाताण आहे हो’ म्हणताहेत. नवख्याने या वाक्याशी वाद घालू नये. ‘काही हरकत नाही काका, रविवारी येतो’ म्हणावे आणि रविवारी खरोखरच जावे.

पण त्याआधी कागदपत्रे. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची कलम ४१क खाली परवानगी लागते आणि उत्सव संपल्यावर जमाखर्चही तिथे द्यावा लागतो. हे काम निवृत्त माणसाला द्यावे. त्याला अर्ज लिहायची हौस असते.

आता पावतीपुस्तक. कोरे पुस्तक घेऊन कुणाच्याही दारात उभे राहू नये. देणारा पाकीट काढण्याआधी अंगठ्याने मागच्या स्थळप्रती उलटतो, समोरच्या बिऱ्हाडाने किती दिले ते पाहतो आणि तेवढेच देतो. पहिली पावती १०१ ची फाटली की अख्खी इमारत १०१ वर थांबते. म्हणून पहिली पावती १,१०१ देणाऱ्याचीच फाडावी, मग त्यासाठी पुण्याहून त्याचा भाऊ यायची वाट पाहावी लागली तरी चालेल. ५१ वाल्यांसाठी वेगळे पुस्तक ठेवावे. त्यात लबाडी नाही. दोन्ही पुस्तकांचा हिशेब एकाच वहीत येतो.

‘गेल्या वर्षी तुम्ही पाचशे दिले होते’ असे चुकूनही म्हणू नये. ‘पावती गेल्या वर्षीच्याच नावाने करू ना, काका?’ असे विचारून पेनाचे टोपण काढावे. सक्ती मात्र नको. ती वर्गणी राहत नाही, खंडणी होते आणि तिला पोलीस चौकी आहे.

क्यूआर कोडचे कौतुक तरुणांना. माझे मत विचाराल तर त्याने मंडळांचे नुकसानच केले. गुपचूप द्यायचे म्हटले की माणूस २१ रुपयांवर येतो. कोड लावायचाच असेल तर शेजारी फळा लावून रोज रात्री आरतीनंतर नावे आणि आकडे लिहावेत.

कार्यकर्त्यांचे म्हणाल तर ते मिळतात, फक्त एकाच वेळी आणि एकाच ठिकाणी: विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलासमोर. बाकीच्या दिवसांसाठी पदे निर्माण करावीत. उपाध्यक्ष चार, सहचिटणीस सहा, सल्लागार मागेल त्याला. तिजोरीची किल्ली मात्र एकाकडेच, आणि तोही सेलोटेपचे बिल मागणारा, सगळ्यांना नकोसा असलेला माणूस हवा. मंडळाचे टी-शर्ट पहिल्या दिवशी वाटू नयेत. रात्री दोन ते पाच मंडपात जागून दाखवील त्याला सकाळी द्यावा. पत्ते खेळत जागला तरी ते जागणेच.

विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी मंडपवाला बांबू मोजायला येतो आणि कमी भरलेल्यांचे पैसे लावतो. तेव्हा चारही उपाध्यक्षांना फोन करून पाहावा; रिंग पूर्ण वाजते. शेवटी खजिनदार आणि त्याचा नववीतला मुलगा बांबू मोजतात. त्या मुलाचे नाव लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी दुसरे पावतीपुस्तक त्याच्याकडे द्यायचे आहे.