फरकराव

मुंबईतला फ्लॅट विकून बायको, दोन पोरं आणि पाण्याचा फिल्टर घेऊन नाशिकला आलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. रिक्षात बसल्या बसल्या तो "मीटर टाका" म्हणतो. रिक्षावाला मागं वळून आधी त्याच्याकडं बघतो, मग सामानाकडं, आणि काही न बोलता गिअर टाकतो. आमच्या इंदिरानगर-पाथर्डी फाटा पट्ट्यात असे गृहस्थ प्रत्येक बिल्डिंगमागे दोन-तीन तरी निघतात. त्या सगळ्यांना मिळून मी फरकराव म्हणतो, कारण त्यांचा संसार फरकावर चालतो.

कांदिवलीच्या चारशे फुटी वन बीएचकेच्या पैशांत इथं टू बीएचके, पार्किंग, आणि वर शिल्लक, हा मूळ फरक. तो पहिल्या भेटीत चहा यायच्या आत ऐकावाच लागतो. मग गॅलरी. "हात पसरा," फरकराव पाहुण्याला म्हणतात. पाहुणा बिचारा पसरतो. "लागला कुठं? नाही ना!" कांदिवलीत म्हणे हात पसरला की शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या बनियनला लागायचा. समोर पांडवलेणीचा डोंगर दिसतो. त्याला ते 'व्ह्यू' म्हणतात, आणि मुंबईच्या बिल्डरनं या डोंगराचे किती लाख लावले असते, तेही सांगून टाकतात.

कुठलीच वस्तू त्यांना नुसती स्वस्त वाटत नाही, मुंबईपेक्षा स्वस्त वाटते. त्यामुळं द्राक्षं किलोनं न येता पेटीनं येतात आणि निम्मी आमच्याकडं पोचतात. (तक्रार नाही.) मुंबईत लोकलचा पास होता, इथं कार आहे, वहिनींची स्कूटी आहे आणि दोन्हींचे हप्ते आहेत. दर रविवारी सहकुटुंब गावाबाहेर चुलीवरची मिसळ. त्या मिसळीत पेट्रोल मिळवलं की सगळा फरक तर्रीत बुडतो, पण तो हिशेब वहिनी करतात, फरकराव करत नाहीत.

अंतराचं तर त्यांना पटतच नाही. कॉलेज रोड वीस मिनिटांवर, ही त्यांना शुद्ध थाप वाटते. दीड तास हाताशी ठेवून निघतात आणि लग्नाला पोचतात तेव्हा मांडववाला टेम्पोतून खुर्च्या उतरवत असतो. मग त्यालाच धरून मुंबईतल्या हॉलचं भाडं सांगतात.

लॉकडाऊनमध्ये घरून काम मिळालं म्हणून तर हे धाडस केलं. आता कंपनीनं आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात बोलावलंय. त्या दिवशी पहाटे उठून नाशिकरोड गाठायचं आणि 1975 पासून चाकरमान्यांना वाहणारी पंचवटी एक्सप्रेस पकडायची. खरं सांगायचं तर त्या दोन दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर तजेला असतो. खिडकीवरून कुणाशी तरी भांडता येतं. रस्त्याचा विषय निघाला तर 'समृद्धी' महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाल्यापासून "आमण्यापर्यंत लोणी!" असं ऐकवतात. आमण्याच्या पुढं, भिवंडी-ठाण्यात काय होतं, ते विचारू नये.

कांदिवलीचे जुने शेजारी आले की मात्र त्यांच्यातला कट्टर नाशिककर उसळून येतो. "तुमचं पाणी आमच्या अप्पर वैतरणेतलं. तुमची भाजी आमच्या पंचवटीच्या मार्केट यार्डातली. आम्ही पाठवतो म्हणून तुमची चूल पेटते!" तोवर थोरला "चल ना भो" करत खाली बॅटिंगला पळालेला असतो. वहिनीही आता नाचणीला नागली म्हणतात, भिशीत असतात, आणि माहेरी चार दिवस गेल्या तर तिसऱ्याच दिवशी कंटाळून परततात. फरक सांभाळायला घरात एकटे फरकराव उरलेत.

मध्यंतरी शेजारच्या विंगमधला फ्लॅट विकायला निघाला. धाकट्या भावालाही इकडं आणावं म्हणून फरकराव चौकशीला गेले आणि भाव ऐकून तणतणत परतले. मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "अहो, अति झालं हे! या मुंबईवाल्यांनी येऊन आपल्या नाशिकचे भाव पार बिघडवून टाकले!"