कॅसेटी ‘साफ’ करून देणाऱ्यास खुले पत्र

महाशय,

स. न. वि. वि. लिहायला हात धजावत नाही. तुमचं बिल मात्र जपून ठेवलंय. त्यावर तुम्हीच लिहिलंय, ‘खरखर काढून दिली.’

कोणी सांगितलं होतं काढायला? मामाने प्रत्येक डबीवर ठळक लिहिलं होतं, ‘प्रोग्राम आहेत, गाणी नाहीत’. मराठी वाचता येतं ना तुम्हाला? तुम्ही त्यांचं एमपी३ केलंत, आणि मूळ कॅसेटी न विचारता भंगारात घातल्यात. ती खरखर म्हणजेच तर प्रोग्राम होता!

मामाचा कॉम्प्युटर डीबी स्पेक्ट्रम प्लस. पुण्याच्या डेसी बेल्सने सिंक्लेअरच्या परवान्याने काढलेला. स्पेक्ट्रम टेपवर लिहितो तेव्हा आधी सलग शिट्टी असते, साधारण ८०० हर्ट्झची. हेडरआधी पाच सेकंद, डेटाआधी दोन. तिच्यावरूनच कॉम्प्युटरला कळतं की आता माल येतोय. मग बिट. शून्याची अर्धी लाट २४४ मायक्रोसेकंदांची, एकाची त्याच्या दुप्पट. कॉम्प्युटर फक्त हा वेळ मोजतो. तुमच्या सॉफ्टवेअरने ती शिट्टी विजेची घरघर समजून पुसली. माणसाच्या कानाला जे जाणवत नाही ते एमपी३ टाकून देतं, त्यात उरलेल्या लाटांच्या कडा गेल्या. तुमची फाइल लावली की कॉम्प्युटर शिट्टीची वाट बघत बसतो.

एक कॅसेट घरातच राहिली, म्हणून तुमच्या तावडीतून सुटली. ती वाचवायला काय लागलं, ऐका. इअरफोनच्या सॉकेटातून एक वायर, एक कपॅसिटर, दोन रेझिस्टर, किरकोळ किमतीची ७४एचसी१४ आयसी आणि यूएसबीवर चालणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. रेझिस्टर सिग्नलला अर्ध्या व्होल्टेजवर धरून ठेवतात. आयसीतला श्मिट ट्रिगर वरची पातळी ओलांडली की एकीकडे पडतो आणि खालची ओलांडेपर्यंत हलत नाही. मधल्या बारीक खरखरीला तो दादच देत नाही. नको त्या खरखरीचा बंदोबस्त असा करतात, काहीही न पुसता! बोर्ड दोन चढ-उतारांमधले मायक्रोसेकंद मोजून पाठवतो, त्याची टॅप फाइल होते.

सुरुवातीला प्रत्येक ब्लॉकच्या शेवटचा चेकसम चुकत होता. मामाच्या टेपचं हेड वेगळ्या कोनात असणार. माझ्या डेकच्या हेडशेजारचा स्क्रू फिरवत गेलो, शिट्टी धारदार ऐकू येऊ लागली आणि चेकसम जुळला.

आत काय होतं माहितीये? देवनागरी! आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत, डेटाच्या ओळींमध्ये एकेक अक्षर आकड्यांनी काढलेलं. स्पेक्ट्रम आपल्या मनाची अक्षरं एका वेळी एकवीसच देतो, म्हणून मामाने पोक २३६७५ वापरून संच पालटले होते. मात्रेला वर जागा उरत नव्हती, तर तिच्यासाठी वरच्या ओळीत वेगळी चौकट. एका रेममध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या शेऱ्यात, लिहिलंय, ‘ळ अजून नीट नाही’. पुढच्या कॅसेटीत तो नीट झाला असेल. ती कॅसेट तुमच्याकडे होती.

आता एकच करा. साफ करण्याआधीची वेव्ह फाइल तुमच्या हार्ड डिस्कवर कुठे पडली असेल तर शोधा आणि जशी आहे तशी द्या, हात न लावता. आणि गिऱ्हाइकाची कॅसेट, ती कितीही खरखरत असो, त्याच्या हातात परत द्यायला शिका.

तुमचं एक गिऱ्हाईक