फ्लॅटनवाले

हिंजवडी असो की बंगळुरू, चिपचा लेआउट काढणाऱ्या कंपनीत मजल्यामागे एक तरी फ्लॅटनवाले सापडतातच. ओळखायची खूण सोपी आहे. समोर गोठलेला स्क्रीन, हातात चहाचा कप आणि तोंडी "रन चालू आहे" हे तीन शब्द. चौथा सहसा लागत नाही.

त्यांचे काम लग्नपत्रिकेवरून समजते. पाकिटावर 'सहकुटुंब सहपरिवार' लिहिले की एका ओळीत अख्खा वाडा येतो. लेआउटमधली श्रेणीरचना हेच करते. एसरॅम मेमरीचा नेहमीचा एक बिटचा सेल सहा ट्रान्झिस्टरचा. तो एकदाच काढायचा आणि १०२४ ओळी, १०२४ स्तंभ अशी त्याची एकच नोंद करायची. कॅल्मा कंपनीच्या १९७८ च्या जीडीएस-टू फाइलीत ही ओळ उत्तम बसते. पण कधी पुढच्या टूलला वाडा झेपत नाही, तर कधी एकाच बिटमधली एकच पट्टी केसभर सरकवायची असते. मग फ्लॅटन करायचे, म्हणजे श्रेणी मोडून सगळे सपाट करायचे: फ्लॅटनवाले पाकिटावर प्रत्येकाचे नाव घालतात. बिट १०,४८,५७६, ट्रान्झिस्टर ६२,९१,४५६, आणि त्यांची पॉली, मेटल, काँटॅक्ट असली लेकुरवाळी मंडळी वेगळी.

यासाठीची पहिली स्क्रिप्ट घाईत लिहिलेली असते. ती वरून खाली उतरते, इन्स्टन्स, म्हणजे सेलची एकेक नोंद, गाठते, एक पातळी फोडते आणि आत काय निघाले ते पुन्हा शोधते. एकच उपसेल हजार ठिकाणी असला तर तो हजारदा फुटतो. शिवाय दर फोडणीनंतर डेटाबेसची चौकट आणि शोधसूची शिळी होते. स्क्रिप्टने मध्येच काही विचारले की मोजणी नव्याने. एकेक पाहुणा आत येताच मांडवाला पुन्हा टेप लावणारा यजमान तो हाच. अनडू चालू असेल तर शेजारी आहेराची वहीही लिहिली जात असते. व्हर्चुओसो या लेआउट टूलमधल्या स्किल भाषेचे उपासक यादीच्या शेपटाला एकेक नाव जोडतात, आणि प्रत्येक जोडणीला मागच्या सगळ्या यादीची नक्कल होते.

यावर फ्लॅटनवाल्यांचा पहिला उपाय जास्त रॅमचे मशीन मागण्याचा. ते मिळते. रन चालूच राहतो.

खरा उपाय तिसऱ्या दिवशी सुचतो. तळापासून सुरुवात करायची, म्हणजे प्रत्येक उपसेल एकदाच सपाट होतो आणि वरच्यांना तयार माल मिळतो. के-लेआउट या टूलमध्ये आधी 'स्टार्ट चेंजेस' आणि शेवटी 'एंड चेंजेस' म्हणायचे. मधल्या काळात मांडव कोणी मोजत नाही, सगळे बसले की एकदाच टेप. स्किलमध्ये नावे यादीच्या तोंडाशी घालायची आणि क्रम हवा असेल तर शेवटी एकदाच उलटवायचा. एवढ्यावर तासांची मिनिटे होतात. कँटीनमध्ये ही वार्ता आठवडाभर पुरते. स्क्रिप्ट मात्र कोणाला मिळत नाही. "मी रन करून देतो ना," एवढेच आश्वासन.

रन पार पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी सर्किटवाले येतात. बिटमधल्या एका ट्रान्झिस्टरची रुंदी किंचित वाढवायची असते. वाड्यात हा बदल एका जागी, सपाट फाइलीत १०,४८,५७६ जागी. फ्लॅटनवाले मुकाट्याने कालची न फोडलेली फाइल उघडतात, बदल करतात, स्क्रिप्ट लावतात आणि सवयीने चहा आणायला जातात. परत येतात तो रन केव्हाच संपलेला असतो. कप भरलेला असतो. कोणी विचारलेच तर उत्तर येते, "रन चालू आहे."